पुलावरचं वाक्य

नणंद ग्रंथालयात कामाला, तर वहिनीला पुस्तक दिसलं की जांभई यायची. "वहिनी, या जुन्या कादंबरीकाराचं एक तरी वाचा," असा नणंदेनं वर्षानुवर्षं लकडा लावला होता. नवरा मात्र बायकोच्या बाजूचा: "नको वाचूस, झोप येईल तुला." शेवटी वहिनीचा पाय मुरगळून घरी बसणं आलं, म्हणून तिनं त्या कादंबरीकाराचं एक पुस्तक उघडलं. पहिल्याच प्रकरणात नायक नायिकेला म्हणाला, "तुझ्याशी भांडायलासुद्धा मला एक जन्म पुरायचा नाही." तिची जांभई अर्ध्यावरच थांबली. लग्नाआधी पुलावर, कानापर्यंत लाल होत, नवरा शब्दन् शब्द हेच बोलला होता. त्या वाक्यापायी तिनं बंगलेवाल्याचं स्थळ नाकारलं होतं. संध्याकाळी नणंदेनं विचारलं, "आवडलं?" "वन्सं, याची सगळी पुस्तकं आणा." "एवढं वेड लागलं?" "वेड कसलं! तुमचे भाऊ माझ्याशी कधी स्वतःचं काही बोललेत का, ते बघायचंय."