मिरचीची धूळ

"घरातली धूळ काय काढताय पावणं? दम असंल तर आमच्या कांडपात चला की!" गणपतराव म्हणाले. कोल्हापूरचा माणूस, ईर्षेला पडला की पुढचं ताट सारून उठेल. टाय लावलेला विक्रेताही मागं हटला नाही. धूळ ओढायचं ते नवं यंत्र उचलून तो खरंच निघाला.

घरामागंच गणपतरावांचं मिरची कांडप होतं. दुपारी मुसळं थांबली की तिथं झाडायला जायची ती सून, रत्नमाला. पदर नाकावर धरून, श्वास चोरून झाडायची. खोकला आला की न्हाणीत जाऊन नळ मोठा सोडायची. दमा म्हणून कळलं तर जयसिंगपूरला माहेरी धाडतील, ही तिची धास्ती. शेजारच्या सुनेला अशीच 'बरी होऊन ये' म्हणून धाडली होती, ती अजून तिकडंच. एकदा गणपतरावांनी खोकला ऐकला होता. "हुईल सवय," एवढंच म्हणाले होते.

आज सगळं घर कांडपाच्या दारात जमलं. रत्नमालेनं कालच तर झाडलं होतं. आता यंत्रानं ढीगभर काढून दाखवलं की सून कामचुकार ठरणार, आणि सासूबाईंचं, आक्कांचं, तोंड काही साधं नव्हे.

"आत पंखा आहे," विक्रेता सांगू लागला. "तो हवा जोरात आत ओढतो. हवेबरोबर येणारी धूळ या कापडी पिशवीत अडकते, आणि मागनं स्वच्छ हवा बाहेर. गादी, पलंगाखाली, जळमटं, केरसुणी जिथं पोचत नाही तिथं हे पोचतं."

यंत्र घरघरलं. कोपऱ्यातला लाल थर बघता बघता नळीत गेला. गणपतरावांनी "वा!" म्हणायला तोंड उघडलं, आणि मागच्या भोकातनं मिरचीचा धुरळा भस्सदिशी त्यांच्याच तोंडावर आला. पिशवी शिवलेली घरच्या धुळीसाठी; कांडपातली मिरची तिला कुठली दाद देते! गणपतराव शिंकून बेजार, आक्का ठसकून भिंतीला टेकलेल्या, विक्रेत्याचा टाय त्याच्याच नाकाला. नुसती त्रेधा उडाली.

रत्नमालेनंच पुढं होऊन यंत्र बंद केलं. मग तिलाही उबळ आली. न्हाणीपर्यंत जायला वाट नव्हती. बाकीच्यांचे डोळे पुसून झाले, घोटभर पाणी पिऊन झालं, तरी तिचं थांबेना. भिंत धरून, कंबरेत वाकून ती खोकत राहिली. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. झालं, तिला वाटलं, आता जयसिंगपूर.

ओशाळलेल्या विक्रेत्यानं पिशवी काढून वर्तमानपत्रावर झटकली. लालभडक ढीग पडला. "इथं रोज झटकावी लागेल," तो म्हणाला. "नाहीतर गच्च भरते आणि यंत्राला हवाच ओढता येत नाही."

आक्का त्या ढिगाकडं बघत राहिल्या. मग सुनेजवळ गेल्या आणि लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. खोकल्यासरशी तो हातही हलत होता.

"पावणं," त्या म्हणाल्या, "हिच्या छातीतली पिशवी कुठनं उघडायची, तेवढं सांगा की."