शिफ्ट

जानीआजीने उंबऱ्यावरून तिसरी हाक मारली तेव्हा अंगणात जेसीबीचे इंजिन धडधडत होते.

"देवजी, ये रं. आपण निघालो."

तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातले हे शेवटचे घर. बाकीची घरे नव्या रस्त्याखाली गेली होती. घर सोडताना त्या घरात मेलेल्यांना नावाने हाक मारून सोबत न्यायचे, नाहीतर ती माणसे मोडल्या जागी घुटमळत राहतात, अशी या घराण्याची रीत. भूसंपादन अधिकारी सुदर्शन डहाणूहून आला होता तो घर पाडून घ्यायला. रीतीसाठी त्याने थोडा वेळ मंजूर केला होता. सरकार असे अधूनमधून उदार होते.

"आजी, किती जण राहिले?"

"आधी तुझ्या यंत्राला गप कर, सायेब. सासूला ऐकायला कमी येतं."

तिचा नातू उमेश ओशाळून हसला. "आजे, आटप गं. मला तारापूरला सेकंड शिफ्ट आहे."

सुदर्शनने हात वर केला. इंजिन थांबले.

"एवढं काय मनाला लावून घेता, आजी? शिफ्टच तर करतोय तुम्हाला."

हा त्याचा आवडता शब्द. त्याच्या कचेरीत टेबल शिफ्ट होई, फाइल शिफ्ट होई, आणि त्याच सुरात गावही शिफ्ट होई. मराठीत 'उठवणे' होते, 'हुसकावणे' होते. पण ते शब्द बोलणाऱ्याच्या तोंडाला चिकटून राहत. हा स्वच्छ होता. इंग्रजांनी जाताना मागे ठेवलेले हे भांडे भलतेच गुळगुळीत: त्यात काहीही वाढा, डाग पडत नाही.

जानीआजीने सासूला दोनदा हाक मारली. मग बारशाआधीच गेलेल्या लेकीला. तिला नावच नव्हते.

"बाय, तूही ये."

प्रत्येक हाकेनंतर ओटी थोडी आणखी रिती होते आहे, असे सुदर्शनला वाटू लागले. तो नकळत बाजूला सरकला, कुणाला तरी वाट द्यावी तसा.

"झालं," आजी म्हणाली.

"आजी," सुदर्शनचा आवाज खाली आला. "आणखी एक हाक माराल? अहिल्या. माझी बायको."

"कुठल्या घरात गेली?"

"घरात नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटला वलसाडला शिफ्ट करा. अच्छाडला, गुजरातच्या नाक्यावर, ट्रकांच्या रांगेत ॲम्ब्युलन्स अडकली."

जानीआजी त्याच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत दया होती की आणखी काही, हे त्याला ठरवता आले नाही.

"म्हणजे वाटेतच हाय ती अजून. वाटेतल्या माणसाला आधी कुणाच्या तरी घरात टेकू द्यावं लागतं, सायेब. थकलेलं माणूस लगेच उठत नाय."

तिने दाराच्या दोन्ही फळ्या पुरत्या उघडल्या.

"अहिल्या, ये बाय. घरात ये. बस."

मग आपले गाठोडे डोक्यावर घेऊन ती उतरणीला लागली. मागे उमेश, आणि त्याच्यामागे तिने बोलावलेले सगळे. तिने एकदाही वळून पाहिले नाही.

जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केले. "साहेब, घर रिकामं ना? घेऊ पुढे?"

सुदर्शन उघड्या दाराकडे पाहत होता.

"नाही," तो म्हणाला. "आत माणूस आहे."