उत्तेजनार्थ ढाल

गणपतीत नागापूरच्या आमच्या मंडळानं व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. माझ्या लेकीचे, संस्कृतीचे हात चालत नाहीत. तिच्या बाबांनी बनवलेल्या फळीवरची मोठी बटणं हनुवटीनं, टाचेनं दाबून ती खेळातली गाडी पळवते. अध्यक्ष बाकीच्या पोरांना म्हणाले, "बिचारीला सांभाळून घ्या रे." सांभाळायला ती कुणाच्या हाती लागलीच नाही, सगळ्यांना मागं टाकून माझं लेकरू पहिलं आलं. मग हार घातला, फोटो काढले आणि तिच्या मांडीवर लाकडी ढाल ठेवली: 'दिव्यांग भगिनी, उत्तेजनार्थ'. "अहो, पहिली तीच आली ना?" मी अध्यक्षांना विचारलं. "ढाल कालच कोरून आणलीय, वहिनी. आन् पहिलं बक्षीस सायकल हाय. ती हिला काय कामाची?" घरी आल्यावर संस्कृती पुन्हा खेळायला बसली. "आई, बटणांची फळी डुगडुगतेय. खाली जरा ती ढाल सरकव. बिचारीला तेवढंच काम मिळेल."