पिवळ्या

"एकच नमुना दोन्ही खाचांत ओतलास ना?" मॅडमनी जेलचा फोटो उजेडासमोर धरला. "बघ, पट्टे हुबेहूब. अगं, लक्ष कुठं असतं तुझं?"

"नाही मॅडम. वेगवेगळे ओतले."

"मग पुन्हा कर."

बबडीने पुन्हा केलं. जंतूंच्या डीएनएचे तुकडे जेलच्या मऊ थरातून विजेने पळवले की पट्ट्यांची नक्षी उमटते. ज्याची त्याची नक्षी वेगळी. एका खाचेत बाबांच्या हातावरचा जंतू होता, दुसरीत तिच्या स्वतःच्या हातावरचा. नक्षी पुन्हा तीच आली.

बाबांचा जंतू सत्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलचा. घरातल्या कुणाच्या तरी हातावरून कापसाचा बोळा फिरवून आणायचा होता. बाबांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान. "माझ्या हातावर जंतू? ग्रीस खाऊन जगायची त्यांची काय बिशाद!" असं म्हणत त्यांनी तळहात पुढे केला होता. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत टपोरा पिवळा ठिपका उगवला, लिंबाच्या गोळीसारखा. बाबांना कोण कौतुक! जेवताना हमखास विचारायचे, "काय म्हणतोय आमचा पिवळ्या? पोटभर जेवतो ना?"

मग बाबा गेले. दुकानात, स्टुलावर बसल्या बसल्या. कानस हातातच राहिली.

बबडी रडली नाही. "दगड झालीय पोर," आत्या आईच्या कानाशी लागली, "रडवा गं हिला कुणीतरी." बायकांनी आपापल्या परीने प्रयत्न करून पाहिले. छे! दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं आतून सगळं बधिर झालं होतं. ताट समोर आलं की ती जेवायची. अंथरूण घातलं की पडायची. रस्ता ओलांडायचा तेवढा जमेना. एवढ्या घोडीचा हात धरून बाबा रस्ता ओलांडायचे. ती चिडायची, "बाबा, लोक बघतात!" ते म्हणायचे, "बघू देत. फुकट आहे." आता ती कडेला उभी राहायची आणि कुणी पलीकडे निघालं की त्याच्या मागोमाग जायची.

एक काम मात्र तिने चुकवलं नाही. नळीतलं खाणं संपत आलं की पिवळ्याला नव्या नळीत हलवायचं, नाहीतर तो मरतो. तार ज्योतीवर लाल करायची, थंड होऊ द्यायची, चिमूटभर पिवळ्या उचलायचा आणि नव्या खाण्यावर टेकवायचा. जगात बाबांचं म्हणून जिवंत उरलेलं तेवढंच होतं. आणि आज सत्र संपत होतं. संध्याकाळी सगळ्या नळ्या वाफेच्या यंत्रात जाणार, आतलं सगळं मरणार, नळ्या धुऊन पुढच्या पोरांसाठी ठेवणार. बबडीने पिवळ्याची नळी सकाळीच जेवणाच्या डब्याच्या रिकाम्या कप्प्यात घालून ठेवली होती. नियम मोडणार होती, पण तिला त्याचंही काही वाटत नव्हतं.

तिने फोटो हातात घेतला. दोन्ही सारखे म्हणजे काय, ते आत्ता कुठे तिच्या डोक्यात शिरलं. कधीतरी तार नीट तापली नसणार. नाहीतर बूच उघडताना बोट लागलं असणार. बाबांचा पिवळ्या केव्हाच मेला होता आणि ती इतके दिवस आपल्याच हातावरचे जंतू पोसत बसली होती.

"मॅडम, मी मारलं," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

"कुणाला?"

"बाबांना."

मॅडम चमकल्या. त्यांनी स्टूल ओढलं, तिला बसवलं आणि तिच्याकडून सगळं वदवून घेतलं. बबडीने डबासुद्धा उघडून दाखवला. मॅडम नळीकडे बघत राहिल्या. रागावतील असं बबडीला वाटलं होतं. त्या उठल्या आणि त्यांनी कपाटाएवढ्या डीप फ्रीझरचं दार उघडलं.

"पहिल्या दिवशीचे सगळ्यांचे नमुने गोठवून ठेवते मी. तुम्हा लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही."

तो नमुना पळवण्यात दुपार गेली. या वेळी मॅडमनी स्वतःच्या हातांनी ओतला. तीन खाचा: पहिल्या दिवशीचा गोठवलेला पिवळ्या, डब्यातला पिवळ्या आणि बबडीच्या हातावरचा. बबडीने मान वर केली नाही.

"बघ इकडे," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही एकच. तुझी काही चूक झालेली नाही. डब्यात आहे तो त्यांचाच. आणि तुझ्या हातावरही तोच आहे."

"माझ्या हातावर कसा?"

"एका घरात होतं असं. कुणाचा कुणाकडे गेला, देव जाणे. हात धरायचे का तुझा, लहानपणी?"

"लहानपणी नाही," बबडी म्हणाली. "परवापरवापर्यंत."

मॅडमनी चष्मा काढून उगीचच पुसला. "मग चांगला मुक्कामाला आलाय. धुऊन जायचा नाही तो."

बबडीने डब्यातली नळी काढली आणि वाफेच्या यंत्रात जायच्या बादलीत इतर नळ्यांशेजारी ठेवून दिली. एप्रन काढला. नियमाप्रमाणे दोनदा साबण लावून हात धुतले.

बाहेर संध्याकाळची गर्दी होती. गाड्या थांबायचं नाव घेत नव्हत्या. पलीकडे जाणारं कुणी येतंय का, हे तिने बघितलं. कुणी येईना. तिने उजव्या हाताने आपलाच डावा हात घट्ट धरला आणि रस्त्यात पाऊल टाकलं. दुभाजकापर्यंत पोचली आणि तिला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हमसून हमसून. हात काही तिने सोडला नाही. एक स्कूटरवाला थांबला. रिक्षातल्या बाईने मान बाहेर काढली.

"बघू देत," बबडी म्हणाली, आणि तिने उरलेला रस्ता ओलांडला.