हवेचा धागा

खोलीत तिघं होती आणि कुणीच बोलत नव्हतं. मुलीचं न बोलणं नेहमीचं. ती जन्मापासून बहिरी होती, आणि तिची भाषा हातांत होती. आईचं न बोलणं वैतागातून आलेलं. बापाचं मात्र वेगळं होतं. शिवणयंत्रापाशी बसून तो मघापासून एकाच सुईत दोरा ओवत होता, आणि जमिनीवर मांडलेल्या सामानातल्या निळ्या पिशवीकडे पाहायचं टाळत होता.

मुलगी तीन दिवसांसाठी तळ्यावर निघाली होती. सोबत मंडळी होती, पण कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, ज्याची त्याची. पाण्यावर प्रत्येक जण एकटाच. मागून कुणी हाक मारली तर? हा प्रश्न बापाने महिनाभर इतक्यांदा विचारला होता, की हल्ली तो तोंड उघडू लागला की ती सरळ मान फिरवायची.

"अहो, तळ्यावर चाललीय ती, लढाईवर नाही," आई अखेर म्हणाली. "काय तो चेहरा!"

मुलीने बापाने शिवलेला सुती सदरा बाजूला ठेवला. हात म्हणाले, "सुती नको. भिजलं की अंगातली ऊब पिऊन टाकतं."

"घ्या! टेलरची पोर आणि सुताशी वैर," आई म्हणाली. मुलगी तिचे ओठ वाचून हसली. आई पाण्याची बाटली भरायला आत गेली.

लोकरीचे पातळ थर, मोजे, कानटोपी. एकेक वस्तू घडी होऊन निळ्या पिशवीत गेली. पाणी आत जाऊ नये अशी ती पिशवी, रात्रीच्या कोरड्या कपड्यांसाठी. काल संध्याकाळी मुलगी बाजारात गेलेली असताना बापाने या पिशवीच्या तळाशी, शिवणीलगत, सुई टोचली होती. कपडे पहिल्याच दिवशी भिजावेत, पोर कुडकुडावी, आणि दुसऱ्या सकाळी कुणीतरी तिला घरी आणून सोडावं. त्याला एवढंच हवं होतं.

तिने पिशवीचं तोंड गुंडाळलं, बकल लावलं, आणि आत कोंडलेल्या हवेसकट ती छातीशी दाबली.

भोकातून हवा फुसफुसू लागली. बापाला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आली. तिला येणार नव्हती. आपण कशाच्या भरवशावर बसलो आहोत, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं. ज्या उणिवेपायी त्याने दवाखान्यांचे उंबरठे झिजवले होते, तीच आज त्याला सामील झाली होती.

मुलीने मात्र पिशवी खाली ठेवली नाही. डोळे मिटले, वरचा ओठ जिभेने ओलावला, आणि ती पिशवी तोंडासमोर धरून सावकाश फिरवू लागली, शिवणीमागून शिवण. तळाच्या कोपऱ्यापाशी थांबली. मागे सरकली, पुन्हा तिथेच आली. डोळे उघडले तेव्हा त्यांत सापडल्याचा निखळ आनंद होता. तिने बापाला खुणेने बोलावलं, आपल्या तळहाताने त्याचे डोळे झाकले, आणि पिशवी त्याच्या ओठापाशी धरून दाबली.

आधी काहीच नाही. मग ओठावर एक गार रेघ उमटली, केसाहून बारीक. जन्मभर कापडावर फिरलेल्या त्याच्या बोटांना इतकं तलम काही कधी लागलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांपुढे पाणी पसरलं, अफाट आणि निश्चल; वारा फिरल्याचं गालाने जाणणारी, मागच्या होडीची लाट बुडाखाली पोचताच वळून पाहणारी त्याची मुलगी त्यावर बसली होती. आजवर तो तिच्या वाटचं ऐकत आला होता. तिच्यापर्यंत काय काय येऊन पोचतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तिने भोक पुसून कोरडं केलं, चिकट ठिगळ कापलं, त्याचे कोपरे बाप करायचा तसेच गोल केले, आणि अंगठ्याने ते घट्ट दाबून बसवलं. आई बाटली घेऊन आली. मंडळींची गाडी कोपऱ्यावर उभी होती.

"भोक मी पाडलं," बाप मुलीच्या पाठीला म्हणाला.

आई जागच्या जागी थिजली. मुलगी जमिनीवरच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत राहिली. पुन्हा त्याच भरवशावर बोललो, हे ध्यानात येऊन त्याचे कान तापले. त्याने जमिनीवर दोनदा टाच आपटली. हादरा पोचला, ती वळली. मग अडखळत्या हातांनी, एकेक खूण सुटी करत, त्याने सांगितलं, "भोक मी पाडलं. सुईने. तू लवकर परत यावीस म्हणून." मग विचारलं, "आता येशील ना परत?"

त्याचे हात थांबल्यावरही ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने वाकून एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्यात वल्हं आणि जॅकेट. उत्तर द्यायचं तर काहीतरी खाली ठेवावं लागलं असतं.

दारात ती थांबली, ओझं सावरलं, आणि काहीच खाली न ठेवता पायऱ्या उतरून गेली.