यंदाची यादी

लेक भांडून घराबाहेर पडली, त्याला चार वर्षं झाली. ना फोन, ना निरोप. फक्त दर वर्षाच्या शेवटी ती आपल्या ब्लॉगवर आवडत्या दहा नव्या अल्बमची यादी टाकायची. मग बाप दुकानात घड्याळं दुरुस्त करता करता, कानाला हेडफोन लावून दहाही ऐकायचा. सगळं डोक्यावरून जायचं, तरी ऐकायचा.

यंदाची यादी ऐकल्यावर मात्र त्याला राहवेना. त्याने फोन लावला.

"मला गाण्यातलं काही कळत नाही गं. पण यंदाच्या दहांत एकही हसरं गाणं नाही. बरी आहेस ना?"



"त्या ब्लॉगला वाचक एकच आहे, बाबा. चार वर्षं त्याच्याच फोनची वाट बघतेय."