मास्टरचं बोट

"आवाज पुन्हा कड्यावरून पडला," ट्रंपेटवाला म्हणाला आणि बँडमधले सगळे हसले.

बँडमास्टरांची मुलगी हसली नाही. आवाजाची काटछाट करायचं सॉफ्टवेअर ती आणि तिचे सहकारी बनवत होते. सगळ्या वाद्यांचा आवाज एकदम कमीजास्त करणारं बटण तिच्या वाट्याला आलं होतं. पडद्यावर एक उभी दांडी, तिच्यावर सरकणारं बटण, नाव 'मास्टर'. दिसायला अगदी सोपं. पण बटण निम्म्यापर्यंत खाली आणलं तरी आवाज जेमतेम उतरायचा, आणि तळाशी आलं की एकदम नाहीसा व्हायचा. कानाचं अर्धं आणि आकड्यांचं अर्धं यांचं काही केल्या जमत नव्हतं. म्हणून तिने बँडचीच एक धून रेकॉर्ड केली होती आणि तालमीच्या खोलीत ती बँडलाच ऐकवत होती.

"ताई, एवढं डोकं कशाला शिणवता?" ट्रंपेटवाला म्हणाला. "मास्टर बटणाला मास्टरांचंच बोट लावा की! आम्हा वीस जणांना रोज एका छडीने खाली आणतात ते."

"हो हो, मास्टरांनाच बोलवा!" सगळ्यांनी गलका केला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीपाशी बसलेल्या तिच्या वडिलांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. उभा जन्म ढोलाशेजारी काढल्यावर कान तरी काय करणार? उरलंसुरलं ऐकू येणंही गेल्या वर्षी गेलं. ओठ वाचून आणि वाजवणाऱ्यांची बोटं, गाल, खांदे बघून ते बँड चालवत होते. बँडमध्ये कुणाला याची कानोकान खबर नाही, अशी बापलेकीची खात्री होती. "कळलं की छडी दुसऱ्याच्या हातात जाईल," ते तिला घरी म्हणाले होते. "बहिरा मास्टर कोण ठेवील, बाळा? आणि छडी गेल्यावर मी करू काय, तेही सांग."

आता नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "बाबा, बोटाने हे बटण खाली आणायचं. आवाज संपेल तिथे थांबायचं." बोलून गेल्यावर तिला स्वतःच्याच जिभेचा राग आला.

मास्टरांनी मान डोलावली. तिने धून सुरू करून खूण केली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, पण पडद्याकडे पाहिलंच नाही. ते आपल्या माणसांकडे बघत होते.

बोट आधी झपकन उतरलं. समोरचे खांदे सैलावले, तसं ते संथ झालं. क्लॅरिनेटवाला खुर्चीत पुढे सरकला, तेव्हा आणखी संथ. ट्रंपेटवाल्याने कानामागे हात नेला. आता बोट चालतंय की थांबलंय तेही कळेना. आवाज या वेळी पडला नाही. रस्त्याच्या वळणापलीकडे गेलेला बँड ऐकू येत राहावा, तसा तो जात राहिला. एकही वाद्य मागे रेंगाळलं नाही की पुढे पळालं नाही. म्हातारा ढोलवाला अजून पायाने ठेका धरून होता आणि मास्टरांची नजर त्या पायावर होती.

पाय थांबला. बोट थांबलं.

मुलगी पडद्याकडे वळली. बोट जसं फिरलं तशी रेघ पडद्यावर उमटली होती, वरून भरभर उतरलेली आणि तळाशी लांबच लांब पसरलेली. इतके दिवस ती हीच रेघ शोधत होती. ज्याला एक सूर ऐकू येत नाही त्याने ती काढली होती, आणि तो तिचा बाप होता.

धून संपली की अजून कुठे तळाशी वाजतेय, ते कुणालाच सांगता येईना.

मग ढोलवाला उठला. खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल असा मास्टरांच्या समोर येऊन उभा राहिला, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मास्टर, आता आम्हालाही ऐकू येत नाही."

मास्टर त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणी नजर चुकवली नाही. तेव्हा कुठे मुलीच्या लक्षात आलं. वर्षभरापूर्वी या खोलीतल्या खुर्च्यांची पाठ खिडकीकडे असायची. आता सगळ्यांची तोंडं उजेडात होती.

मास्टरांनी घसा खाकरला. "छडी कुठंय माझी?" त्यांनी विचारलं, नेहमीसारखंच गरजेपेक्षा मोठ्याने.

ट्रंपेटवाल्याने ती दोन्ही हातांनी पुढे केली.